रेषेच्या अलीकडे

९ जानेवारी

माऊ,

पत्ता जावईबापूंनी दिला. त्यांच्यावर चिडू नकोस. मी तीनदा मागितला. दोनदा त्यांनी सांगितलं की लिफ्टमध्ये आहे, आवाज तुटतोय, आणि तिसऱ्यांदा बिचाऱ्यांना दुसरी थाप सुचली नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला खरं तर ही सबब जन्मभर पुरायला हवी होती.

तू फोन उचलत नाहीस, माझे मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणून हा कागद. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं जगाचे फोन जोडून देणाऱ्या बाईला स्वतःच्या मुलीचा फोन लागत नाही, यावर तुझे बाबा असते तर दिवसभर हसले असते, आणि संध्याकाळी मग मला न सांगता तुला फोन केला असता.

नव्या घराचं स्वयंपाकघर मोठं आहे म्हणे, मधे भिंत नाही, ओट्याशी उभं राहिलं की दोन्ही मुलं समोर सोफ्यावर दिसतात. हे ऐकून मला खरंच बरं वाटलं. आणि तू स्वयंपाक करेपर्यंत त्यांच्यापुढे टॅब लावून ठेवतेस, हे सांगताना जावईबापूंनी आवाज इतका खाली आणला की मला वाटलं, घरात कोणी प्यायला लागलं की काय. त्यांना सांग, मला धक्का बसला नाही. लाव. तासभर लाव. मी आता कोणत्या तोंडाने काही बोलणार?

पिटू ती घट्ट बाही दिवसभर घालू देतो का? भाजल्याची खूण वर येऊ नये म्हणून वर्षभर तरी घालावी लागेल असं त्या डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. त्या असंही म्हणाल्या होत्या की पाणी पडलं तेव्हा हात वर होता म्हणून चेहरा वाचला. मी ते वाक्य रोज स्वतःला ऐकवते. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उघडायला लागलं का, एवढं तरी कळव.

त्या गुरुवारबद्दल मला नवीन काही सांगायचं नाही. दवाखान्यात सांगितलं तेच. मी बटाटे उकडले होते, पातेलं उचलून सिंककडे वळले, आणि तो खडूची रेषा ओलांडून पायात आला. त्याच्या ताईला, आपल्या मास्तरीणबाईला, लक्ष ठेवायला सांगितलं होतं, पण सहा वर्षांची पोर ती. तिला बोल लावू नकोस. मी तिला मुळीच बोल लावत नाही, हे तिला माझ्या वतीने सांग.

तुझी, अजूनही,
आई


३ फेब्रुवारी

माऊ,

उत्तर येणार नाही हे धरूनच लिहिते आहे. पण पत्रपेटीशी गेले की हात आपोआप आत जातो. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई परवा म्हणाल्या, तुमचं पत्र आलं तर मीच वर आणून देईन, गुडघ्यांना त्रास नको. त्यांना वाटतं मी व्यायामासाठी खाली उतरते.

आज कपाटातला खालचा खण उघडला. तो मुलांचा खण, आठवतो ना? एकावर एक डबे, आणि त्यांची झाकणं वेगळी काढून पिशवीत ठेवलेली. कोणत्या डब्याचं कोणतं झाकण, हे शोधण्यात पिटूचा अर्धा तास जायचा. एक झाकण मी मुद्दाम असं टाकलं होतं की ते कशालाच बसत नाही. तो ते रोज सगळ्या डब्यांवर लावून बघायचा आणि रोज मला सांगायचा, आजी, याचं घर हरवलंय.

बर्फाच्या साच्याबरोबर मी त्यांना वाटाणे, मका, राजमा असे मिसळून द्यायची. प्रत्येक खणात एकेक जात वेगळी करायची, तीही फक्त अंगठा आणि एका बोटाने. कांद्याच्या पापुद्र्यांच्या नोटांची बँक. पाण्यात बुडवलेला ब्रश घेऊन दाराला रंग द्यायचा. रंग वाळून उडून जायचा, की पुन्हा पहिल्यापासून. आणि चमच्यांची शाळा. ती तर पूर्णपणे मास्तरीणबाईची. चहाचे चमचे बालवाडीत, जेवणाचे मोठ्या वर्गात, काटे मस्तीखोर म्हणून मागच्या बाकावर, आणि डाव मुख्याध्यापक. एकदा सूप ढवळायला मी डाव उचलला तर म्हणाली, ‘आजी, सर मीटिंगमध्ये आहेत.’ मी मुकाट्याने दुसरा चमचा घेतला.

तुला वाटायचं हे सगळं मी तुझ्यावर सूड उगवायला करते. तू संध्याकाळी सात वाजता लॅबमधून दमून यायचीस, हातांना त्या जंतुनाशकाचा वास, आणि म्हणायचीस, आई, अर्धा तास कार्टून लाव, मुलं सोफ्यावर बसतील, तुझी कामं सुटसुटीत होतील. आणि मी म्हणायची, माझ्या घरात मुलांना टीव्हीचा डबा दाखवून गप्प करत नाहीत. शिवणकामवाल्या बाईंनी, त्यांच्या बहिणीने, समोरच्या न्हाव्याच्या बायकोने माझी ‘पद्धत’ विचारून घेतली होती. मी ती सांगताना एक्स्चेंजमधल्या सुपरवायझरसारखी उभी राहायची. शिवणकामवाल्या बाईंनी आता नातीला टॅब घेऊन दिला आहे. माझ्यासमोर त्या तो उशीखाली सारतात.

एकदाच तू मला उलटं बोललीस. मी म्हणाले होते, तू नाही का कार्टूनशिवाय वाढलीस? तू डबा पिशवीत ठेवता ठेवता म्हणालीस, ‘मी वाढले तेव्हा तू होतीस कुठे, आई. मला शेजारच्या काकूंनी वाढवलं.’

रागाने नाही म्हणालीस. म्हणून जास्त लागलं. खरंच होतं ते. तुझ्या वाट्याची चमच्यांची शाळा मी हेडफोन लावून लोकांचे नंबर जोडण्यात घालवली. ती मी तुझ्या मुलांबरोबर भरून काढत होते. कोणाला सांगितलं नव्हतं, पण मनात हेच होतं.

आई


२५ फेब्रुवारी

माऊ,

जावईबापूंचा मेसेज आला: ऑपरेशन मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. धन्यवाद म्हण त्यांना. तेवढंच लिहिलं होतं, पण त्यांच्यासाठी ते लांबलचक पत्रच.

तुला रेषेबद्दल कधी नीट सांगितलं नाही. तुला ती माझी लहर वाटायची, फरशीवर रोज खडूने ओढलेली. ती शाळेतून आली. आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात एक सिस्टर होत्या, बुटक्या, बाह्या कोपराच्या वर दुमडलेल्या, ऐंशी मुलींचं जेवण त्या दोन बायकांना हाताशी धरून करायच्या. पाळीप्रमाणे सहा-सहा मुली सोलायला, निवडायला. सिस्टर सकाळी पहिलं काम काय करायच्या, तर झाडूचा दांडा चुलीपासून दोनदा आडवा टाकून अंतर मोजायच्या आणि तिथे खडूने रेषा ओढायच्या. आम्ही रेषेच्या अलीकडे, दाराच्या बाजूला बसायचं. कितीही थंडी असो, कितीही गयावया केली तरी, दोन दांडे म्हणजे दोन दांडे. आणि गरम भांडं उचलण्याआधी त्या मोठ्याने म्हणायच्या, ‘गरम’. की आम्ही सगळ्यांनी हातातलं खाली टाकून दोन्ही हात डोक्यावर ठेवायचे. भांडं खाली टेकलं की त्या ‘झालं’ म्हणायच्या, मग हात खाली. चार वर्षांत एका मुलीला साधा चटका बसला नाही.

मी दोन्ही गोष्टी जशाच्या तशा उचलल्या. पिटूला ‘गरम’चा खेळ फार आवडायचा. हात डोक्यावर ठेवून तो डोळेही गच्च मिटून घ्यायचा, जसं काही न दिसलेलं पाणी भाजत नाही.

माझं स्वयंपाकघर तू पाहिलंयस, आगगाडीच्या डब्यासारखं लांबोडकं. या टोकाला दार, मधे शेगडी, त्या टोकाला सिंक. दोन दांडे मोजले की रेषा थेट उंबऱ्यावर यायची, मुलं अर्धी बोळात. बोळातली फरशी गारठलेली असायची. त्यामुळे रेषा कधी एखादी वीत इकडेतिकडे झाली असेल. एवढं काही ते काटेकोर नव्हतं.

असो. ऑपरेशन नीट होऊ दे. मी रोज अकरा वाजता, दवाखान्यात त्याचं ड्रेसिंग व्हायचं त्या वेळी, हातातलं काम ठेवून बसते.

आई


१९ मार्च

माऊ,

काल जावईबापूंचा फोन आला. जिना चढत होते, धाप लागली होती, आणि मला वाटलं ऑपरेशनमध्ये काही बिघडलं. ते म्हणाले, नाही, पिटू ठीक आहे, एक बोट उघडलं, दुसऱ्याचं सांगता येत नाही. मग म्हणाले, प्रश्न मोठीचा आहे.

त्यांनी सांगितलं की तू शेगडी पेटवलीस की मास्तरीणबाई सोफ्यावर पिटूचा शर्ट मागून मुठीत धरते. टॅबवर काय चाललंय हे तिला विचारलं तर सांगता येत नाही, कारण ती बघतच नाही, ती त्याच्याकडे बघते. शाळेत धावण्याच्या शर्यतीसाठी बाईंनी मैदानावर चुन्याची रेघ मारली तर हिने शेजारच्या मुलीला इतकं घट्ट धरलं की तिच्या दंडावर नखं उमटली. बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, मी लक्ष ठेवलं नाही म्हणून माझा भाऊ भाजला. घरी चमच्यांना हात लावत नाही. जावईबापू शेवटी म्हणाले, ‘आई, तुम्ही तिला दोन शब्द लिहाल? तुमचं ती ऐकते.’

माझं ती ऐकते.

माऊ, बसून वाच. मी तुझ्याशी खोटं बोलले. दवाखान्यात, नंतर घरी, आणि जानेवारीच्या पत्रात पुन्हा एकदा, चांगल्या अक्षरात.

पिटूने रेषा ओलांडली नाही. तो रेषेच्या अलीकडेच होता, जिथे मी त्याला बसवलं होतं तिथे. रेषाच चुकीच्या जागी होती.

एखादी वीत सरकली नव्हती ती. पहिल्या थंडीत मी ती वीतभर पुढे घेतली, बोळातल्या गारठ्यामुळे. मग आणखी थोडी, दाराआड पिटू दिसत नाही म्हणून. मग माझा डावा कान. एकतीस वर्षं हेडफोन लावून तो कान गेला हे मी तुला कधी सांगितलं नाही. तू म्हातारी म्हणशील, मुलं ठेवायची नाहीस माझ्याकडे. पंखा चालू असला की मला त्यांचं बोलणं ऐकू यायचं नाही आणि चमच्यांच्या शाळेत आज कोणाला शिक्षा झाली हे मला ऐकायचं असायचं. म्हणून मी ती आणखी जवळ घेतली. झाडूचा दांडा टाकून मोजायचं मी कधी सोडलं हे मला आठवतही नाही. खरं सांगायचं तर ती दोघं जितकी जवळ तितकं मला बरं वाटायचं. वाकून पिटूच्या डोक्याचा वास घेता यायचा. सप्टेंबरपर्यंत रेषा शेगडी आणि सिंकच्या मधे आली होती. माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवर. आणि मुलं रोज तिच्या अलीकडे बसायची, शहाण्यासारखी, मी सांगितलं तिथे.

त्या गुरुवारी मी पातेलं उचलण्याआधी ‘गरम’ म्हणाले. दोघांनी हात डोक्यावर ठेवले. पिटूने डोळे मिटले. मी डाव्या बाजूने वळले, त्याचे पाय पुढे पसरलेले होते, माझा पाय त्यात अडकला. डॉक्टरबाई म्हणाल्या ना, हात वर होता? अंगावर धावत येणारं मूल हात डोक्यावर ठेवून येत नाही, माऊ. तू रोज रक्ताच्या नळ्यांतून न दिसणारं शोधून काढतेस. हे तुला कधी खटकलं नाही, कारण सांगणारी मी होते.

त्याचा हात मी नळाखाली धरला, वीस मिनिटं. ते मी नीट केलं. शिवणकामवाल्या बाई ओरडणं ऐकून वर आल्या, त्यांनी त्याला चादरीत घेतलं आणि टॅक्सीसाठी खाली नेलं. मी किल्ल्या घ्यायला परत आत गेले. पाण्याने रेषा अर्धी गेली होती. उरलेली अर्धी मी पायपुसण्याने पुसून काढली. का पुसली हे तेव्हा मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. पण हात पुसत होता.

वर बघितलं तर मास्तरीणबाई. ओट्याला टेकून उभी. हात अजून डोक्यावर. कोणी ‘झालं’ म्हटलंच नव्हतं ना.

मग दवाखान्याचा तो लांब व्हरांडा. तू लॅबचा कोट तसाच अंगात घालून धावत आलीस आणि म्हणालीस, काय झालं? मी म्हणाले, त्याने रेषा ओलांडली, हिला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. तू तिच्याकडे वळून म्हणालीस, तुझं लक्ष कुठे होतं? एवढंच. कोणतीही आई म्हणेल ते. ती तुझ्याकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मी बोलेन म्हणून थांबली होती. मोठ्या माणसाकडून चूक झाली की मोठं माणूस ती दुरुस्त करतं, एवढा तिचा जगावर विश्वास होता. समोरच्या भिंतीवर चपला बाहेर काढा अशी पाटी होती. मी ती वाचत राहिले.

सहा महिने मी स्वतःला सांगितलं की लहान आहे, विसरेल. ती विसरेल आणि तू मला येऊ देशील, हे दोन्ही मी एकाच ताटात मांडून ठेवलं होतं. हे पत्र तुझ्या हाती पडलं की तू मला कधीच येऊ देणार नाहीस, हे मला माहीत आहे. जावईबापूही जिन्यात फोन करणार नाहीत. कर तसंच. पण तिला सांग. आज शाळेतून आली की सांग. तू सांग, तिच्या बाबांना सांगायला सांग, ती मानेल त्याच्या तोंडून सांग. आजी खोटं बोलली. पिटू तिच्या शेजारी बसला होता. तिने काहीही चुकवलं नाही.

आई


६ एप्रिल

माऊ,

अठरा दिवस झाले. पत्र पोचलं असेल, सही घेणाऱ्या टपालाने पाठवलं होतं. पोचपावतीवर सही तुझी आहे, तो शेवटी मारलेला फटकारा मी ओळखते. शिवणकामवाल्या बाईंनाही मी खरं सांगून टाकलं. त्यांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे त्यांना लगेच काही बोलता आलं नाही. एकेक टाचणी काढून उशीत खोचली आणि म्हणाल्या, मी पायपुसणं ओलं पाहिलं होतं, खडूने पांढरं झालेलं. तेव्हापासून त्या जिन्यात भेटल्या की वर पाणी आलं का एवढं विचारतात, पण आत बोलावत नाहीत.

मी कशाचीही मागणी करत नाही. तिला सांगितलंस का, एवढं एका शब्दात कळव. ‘हो’ एवढंच.

आई


२२ एप्रिल

माऊ,

काल रविवारी सकाळी फोन वाजला आणि पडद्यावर तुझा नंबर दिसला, तेव्हा मी तो उचलायच्या आधी खुर्चीत बसून घेतलं. तू फक्त म्हणालीस, घे, बोल तिच्याशी. तुला ठाऊकच आहे पुढे काय झालं, तू शेजारीच उभी होतीस. पण तुला एकच बाजू ऐकू आली. मला दोन्ही लिहून ठेवायच्या आहेत.

ती म्हणाली, ‘आजी, उजव्या कानाला लाव.’ म्हणजे तू तिला पत्र वाचून दाखवलंस, किंवा तिच्या बाबांनी. दुसरं कसं कळणार तिला. मला वाटलं, चला, झालं काम.

मी तिला सगळं पुन्हा सांगितलं. सोप्या शब्दांत, मधे न रडता. त्याची मी चार दिवस तालीम केली होती, तू फोन करशील याची काहीच खात्री नसताना. रेषा मी पुढे ओढली होती, पिटू बरोबर जागी बसला होता, तू बरोबर जागी बसली होतीस, मी अडखळले, आणि नंतर मी घाबरून तुझ्यावर ढकललं. ती मधेमधे ‘हं’ म्हणत होती. चमच्यांना धडा समजावताना ती असाच हुंकार द्यायची, जसं काही तेच तिला सांगताहेत.

मग म्हणाली, ‘पण मला आठवतंय ना, आजी. तो उठून पुढे गेला. मी चमचे मोजत होते.’

मी म्हणाले, ‘नाही गं बाळा. तो तुझ्या शेजारी होता. हात डोक्यावर होते त्याचे.’

‘त्याचा शर्ट निळा होता. तो पुढे गेला. मी बघितलं, पण मी धरलं नाही.’

शर्ट पिवळा होता, माऊ. दवाखान्यात कात्रीने कापून काढला, त्याचा तुकडा माझ्या पिशवीत राहिला. मी तिला सांगितलं, पिवळा होता. ती जरा थांबली. मला वाटलं, सापडली फट, इथून बोट घालून उघडता येईल. पण ती फार सांभाळून, अगदी मोठ्या माणसासारखी म्हणाली, ‘आजी, तू मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. आमच्या बाई पण सांगतात, कोणी रडलं की. मला राग नाही आला तुझा.’

मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. पुन्हा तेच सांगत असेन. पलीकडून ती ‘बरं, आजी’ म्हणाली.

मग फोन तू घेतलास. सात महिन्यांनी तुझा आवाज. मी शिव्यांची तयारी ठेवली होती. तू म्हणालीस, ‘त्या दिवशी दवाखान्यातून घरी जाताना टॅक्सीत तिने मला सांगितलं होतं. की तो अलीकडेच होता, आजीने रेघ पुसली. मी तिला गप्प केलं. म्हटलं, आजी कधी खोटं बोलेल का?’

आणि तू फोन ठेवलास.

मी काल दिवसभर तो फोन हातात घेऊन बसले होते. तू स्वतःला किती दोष देत असशील याची मला कल्पना आहे, कारण तू माझीच मुलगी. पण तुझं काय चुकलं, सांग. तू आईवर विश्वास ठेवलास. तुला वाढवायला मी घरी नव्हते, तरी तू माझ्यावर विश्वास ठेवलास, आणि मी तो तुझ्या पोरीविरुद्ध वापरला. किती वेळा तिने सांगितलं असेल? एकदा टॅक्सीत. मग कदाचित घरी, झोपताना, आणखी एकदा. मग सगळे तिला इतक्या प्रेमाने सांगत राहिले, तू लहान आहेस, तुझा दोष नाही, की तिला वाटलं, दोष नसता तर इतकं समजावलं कशाला असतं. माझ्या जानेवारीच्या पत्रातही तेच होतं. बोल लावू नकोस. मी तिला मुळीच बोल लावत नाही.

तिला पुन्हा फोनवर बसवू नकोस. मी परत सांगितलं की ती मला परत समजावेल आणि प्रत्येक वेळी तो शर्ट तिला आणखी निळा दिसेल. हे पत्रही तिला वाचून दाखवू नकोस. जमलं तर तू सांगत राहा, सहज, दात घासताना, बूट घालताना, तिच्या अंगावर न येता. ऐकणार नाही. मला वाटत नाही ऐकेल.

इतके दिवस मला भीती होती की ती माझ्यावर कधीच विश्वास ठेवणार नाही. तसं नाही, माऊ. तिने ठेवला आहे. मी पहिल्यांदा जे सांगितलं, त्यावर.

आई